धीर देण्याआधी गाईड बदलून द्या

विद्यापीठातली लैंगिक छळाची तक्रार बहुतेक वेळा उशिरा येते, आणि ‘एवढे दिवस गप्प का होतीस?’ हा पहिला प्रश्न तक्रार करणारीलाच विचारला जातो. पीएच.डी. करणाऱ्या मुलीच्या बाबतीत त्याचे उत्तर तिच्या हजेरीच्या आणि प्रगतीच्या कागदांवर लिहिलेले असते. दर सत्राला संशोधन सल्लागार समितीसमोर सादरीकरण करायचे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२च्या पीएच.डी. नियमांप्रमाणे त्या समितीचा निमंत्रक खुद्द गाईडच, म्हणजे संशोधन मार्गदर्शकच, असतो. फेलोशिप यूजीसीची असो वा बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांची, उपस्थितीवर आणि प्रगती अहवालावर त्याची सही लागते. प्रबंध जमा करताना प्रमाणपत्र त्याचे. पुढे नोकरीच्या मुलाखतीला गेल्यावर ‘तुमचे गाईड कोण?’ हा प्रश्न ठरलेला. एवढ्या सह्या ज्याच्या हातात आहेत त्याच्याविरुद्ध लेखी तक्रार देणे म्हणजे तीन ते सहा वर्षांचे काम पणाला लावणे. म्हणून अनेक तक्रारी तोंडी परीक्षा पार पडल्यावर येतात. तोवर कायद्याची मुदत केव्हाच उलटून गेलेली असते.

आपल्याकडची चर्चा मात्र धैर्याभोवतीच फिरते. ‘घाबरू नका, पुढे या’ असे फलक लागतात, ८ मार्चला व्याख्यान होते, अशा तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीच्या सदस्यांचे फोन क्रमांक जिन्यापाशी चिकटवले जातात. या गोष्टी असाव्यातच. पण तक्रार आल्यापासून पहिल्या आठ-दहा दिवसांत मूल्यमापनाचा अधिकार त्या माणसाच्या हातून काढून दुसऱ्याकडे दिला नाही, तर पुढच्या सगळ्या चौकशीचा पाया कच्चा राहतो. आमचा आग्रह याच एका गोष्टीसाठी आहे. तक्रार दाखल होताच गाईड, परीक्षक किंवा वरिष्ठ बदलणे ही समितीची मर्जी न राहता तिचे पहिले कर्तव्य झाले पाहिजे.

त्यासाठी नव्या कायद्याची फारशी वाट पाहावी लागत नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याने चौकशी सुरू असताना अंतरिम दिलासा देण्याची सोय केली आहे. तक्रारदार महिलेची किंवा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याची बदली, तिला तीन महिन्यांपर्यंत रजा, आणि त्याच वर्षीच्या नियमांप्रमाणे शैक्षणिक संस्थेत त्या माणसाला तिच्या कोणत्याही शैक्षणिक कामावर देखरेख करण्यास मनाई. यूजीसीच्या २०१५च्या विनियमांतही तेच आहे: तिचे काम, चाचण्या, परीक्षा यांचे मूल्यमापन त्याने करू नये असा आदेश संस्था देऊ शकते, त्याला अंतर राखण्याची ताकीद देऊ शकते. समितीने अशी शिफारस केली की कायद्याप्रमाणे संस्थेला ती अमलात आणावीच लागते आणि तसे समितीला कळवावे लागते. अडचण दोन ठिकाणी येते. समितीने शिफारस करायची की नाही हे तिच्यावर सोडलेले आहे, आणि कायद्यात हा दिलासा मुलीच्या लेखी विनंतीवर मिळतो. ही विनंती करायची असते हे तिला कोणी सांगतच नाही. त्यामुळे तक्रार नोंदवली जाते, चौकशीची तारीख पडते आणि सोमवारी सकाळी तीच मुलगी त्याच केबिनमध्ये प्रबंधाचे प्रकरण तपासून घ्यायला बसलेली असते.

हे किती महागात पडते याचे अलीकडचे उदाहरण ओडिशातले आहे. बालेश्वरच्या फकीर मोहन महाविद्यालयातल्या विद्यार्थिनीने विभागप्रमुखाविरुद्ध तक्रार दिली होती, प्रकरण समितीपुढे होते. जुलै २०२५ मध्ये तिने महाविद्यालयाच्या आवारातच आत्मदहन केले आणि १४ जुलैला तिचा मृत्यू झाला. तक्रार आणि निर्णय यांच्यामधल्या दिवसांत ती मुलगी कुठे बसते, कोणाला भेटते, तिची हजेरी कोण लावतो, याकडे दुर्लक्ष झाले की समिती कागदावर कितीही व्यवस्थित चालली तरी उपयोग नसतो.

गाईड बदलणे प्रत्यक्षात का अडते, हे विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागात काम करणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी, ही यूजीसीची मर्यादा. छोट्या विभागात मान्यताप्राप्त गाईड दोन किंवा तीन. त्यांच्या जागा भरलेल्या, एखादा निवृत्तीला आलेला, उरलेला तिसरा तक्रार झालेल्या सरांचाच जुना विद्यार्थी. मग मुलीला सांगितले जाते, ‘जागा रिकामी नाही, विषय बदलावा लागेल.’ म्हणजे दोन-तीन वर्षांचे काम पाण्यात. २०२२च्या नियमांत लग्नामुळे किंवा अन्य कारणाने स्थलांतर करणाऱ्या विद्यार्थिनीला आपली संशोधन-सामग्री दुसऱ्या संस्थेत नेण्याची मुभा आहे. पण ते काम गाईडला मिळालेल्या अनुदानित प्रकल्पाचा भाग असेल तर तीही नाही. प्रयोगशाळेतल्या विषयांत बहुतेक काम प्रकल्पाचेच असते. तेव्हा ज्या मुलींना या मुभेची सर्वांत जास्त गरज, त्याच तिच्याबाहेर राहतात.

यावर उपाय साधा आहे आणि यूजीसीने तो एका दुरुस्तीने करावा. छळाच्या तक्रारीमुळे गाईड बदलला तर नव्या गाईडच्या मर्यादेत ती जागा मोजू नये. विभागात कोणी नसेल तर दुसऱ्या विद्यापीठातला मान्यताप्राप्त गाईड चालावा. विषय आणि नोंदणीची तारीख तीच राहावी, चौकशीत गेलेला काळ सहा वर्षांच्या मर्यादेतून वगळावा, आणि तिने स्वतः गोळा केलेली माहिती, नमुने, प्रयोगवह्या यांची प्रत तिला मिळावी, प्रकल्प कोणाच्याही नावावर असो. तोवर विद्यापीठांनी आपल्या विद्यापरिषदेत असा ठराव करून ठेवावा. तक्रार आल्यावर ठराव करायला बसले की तो एका माणसाविरुद्ध केल्यासारखा दिसतो आणि लगेच त्याला न्यायालयात आव्हान दिले जाते.

दुसरा मोठा अडथळा मुदतीचा. घटना घडल्यापासून तीन महिन्यांत, आणि घटना मालिकेने घडल्या असतील तर शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यावी लागते. कारण पटले तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते, त्यापुढे नाही. कोलकात्याच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या प्रकरणात एका प्राध्यापिकेने कुलगुरूंविरुद्ध तक्रार केली होती. तिच्या म्हणण्याप्रमाणे छळाची शेवटची घटना एप्रिल २०२३ची, तक्रार २६ डिसेंबर २०२३ची. जिल्ह्याच्या स्थानिक तक्रार समितीने ती मुदतबाह्य ठरवली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केले. मधल्या काळात तिच्याविरुद्ध झालेल्या प्रशासकीय कारवाया हा छळाचाच पुढचा भाग असल्याचे तिचे म्हणणे न्यायालयाने स्वीकारले नाही. आरोप खरे की खोटे याची चौकशी झालीच नाही. तरीही न्यायालयाने हा निकाल कुलगुरूंच्या परिचयपत्राचा भाग करायला सांगितले. हा विचित्र शेवट आहे, आणि दोन्ही बाजूंना अन्यायकारक. तिला चौकशी मिळाली नाही, आणि त्यांना ती न होताच ओझे मिळाले.

याच वर्तनाबद्दल पोलिसांत जायचे तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ खालच्या लैंगिक छळाच्या गुन्ह्याची, कमाल शिक्षा तीन वर्षांची असेल तर, न्यायालय तीन वर्षांपर्यंत दखल घेऊ शकते. म्हणजे फौजदारी न्यायालयाकडे तीन वर्षांपर्यंत जाता येते आणि आपल्याच महाविद्यालयाच्या समितीकडे सहा महिन्यांनंतर नाही. विद्यार्थिनींसाठी ही मुदत मूल्यमापनाचे नाते संपल्यापासून मोजली पाहिजे: पदवी मिळाली, गाईड बदलला, किंवा ती संस्था सोडून गेली त्या दिवसापासून. त्यासाठी संसदेला कायदा बदलावा लागेल. तो बदलेपर्यंत समित्यांनी निदान मुदतवाढीचा अधिकार सढळ हाताने वापरावा आणि ‘गाईडच्या ताब्यात असल्याने तक्रार करता आली नाही’ हे कारण नोंदवून ग्राह्य धरावे.

तक्रार लिहिणाऱ्या मुलीने कोलकात्याच्या निकालातून एक गोष्ट मात्र आजच घ्यावी. नकार दिल्यानंतर झालेला शैक्षणिक त्रास सुटा लिहू नये, आधीच्या घटनेशी त्याचा दुवा तारखेसह दाखवावा. कामाच्या भवितव्याबद्दलची उघड किंवा गर्भित धमकी लैंगिक वर्तनाशी जोडलेली असेल तर कायदा तिलाही लैंगिक छळ मानतो. ‘सरांचे वागणे बरोबर नाही, ते मला मुद्दाम त्रास देतात’ या वाक्यावर कोणतीही समिती उभी राहू शकत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘१२ ऑगस्टला दुपारी चारच्या सुमारास तिसरे प्रकरण तपासण्यासाठी सरांनी केबिनमध्ये बोलावले. दार लावून घेतले. माझा हात धरला आणि “तू जरा मोकळी वाग, मग तुझे काम लवकर होईल” असे म्हणाले. मी हात सोडवून बाहेर आले. बाहेर शिपाई बसले होते. त्याच संध्याकाळी मी मैत्रिणीला फोन केला. १९ ऑगस्टला सरांनी प्रगती अहवालावर “असमाधानकारक” असा शेरा मारला. त्याआधीच्या दोन्ही सत्रांत शेरा “समाधानकारक” होता. दोन्ही अहवाल सोबत जोडले आहेत.’ यात कुठेही विशेषण नाही. तारीख, जागा, बोललेले शब्द, जवळ कोण होते, नंतर काय झाले, एवढेच आहे. आणि शेवटचा परिच्छेद न विसरता मागणीचा: ‘चौकशी पूर्ण होईपर्यंत माझ्या कोणत्याही शैक्षणिक कामावर त्यांची देखरेख नसावी, प्रगती अहवालावर सही करण्यासाठी दुसऱ्या व्यक्तीची नेमणूक करावी.’ या लेखी मागणीवाचून अंतरिम दिलासा बहुधा पुढे सरकत नाही.

तक्रार कुठे आणि कशी द्यायची यातही गफलती होतात. नियमाप्रमाणे तक्रारीच्या सहा प्रती, जोडकागद आणि साक्षीदारांची नावे-पत्ते. पण त्या उघड्या कागदांवर आवक-जावक विभागात शिक्का मारून घेतला की संध्याकाळपर्यंत अख्ख्या कॅम्पसला बातमी लागते. म्हणून तक्रार बंद पाकिटात घालावी, वर ‘गोपनीय, अध्यक्ष, अंतर्गत तक्रार समिती’ एवढेच लिहावे. सोबत दोन ओळींचे वेगळे पत्र द्यावे: ‘सोबतच्या बंद पाकिटात माझे निवेदन आहे, कृपया पोच द्यावी.’ पोचेची सही, तारीख आणि आवक क्रमांक या दुसऱ्या पत्राच्या प्रतीवर घ्यावा. त्याच दिवशी अध्यक्षांना ई-मेलही करावा. मुदत मोजायची वेळ येते तेव्हा हीच पोच कामी येते. विभागप्रमुखांना तोंडी सांगितले, त्यांनी ‘मी बघतो’ म्हटले, महिना गेला, मग एक माफीनामा लिहून घेतला गेला, या मार्गाने गेलेल्या कितीतरी तक्रारींची कुठेच नोंद नाही. चौकशीआधी समेट करायची कायद्यात सोय आहे, पण ती फक्त तक्रारदाराने स्वतः मागितली तर, समितीमार्फत, आणि पैशांची देवाणघेवाण न करता. विभागप्रमुखाच्या केबिनमध्ये घडवून आणलेला समेट या व्याख्येत बसत नाही.

पुराव्याबद्दल थोडे. व्हॉट्सअॅपचे स्क्रीनशॉट काढावेत, पण मूळ संदेश फोनमधून खोडू नयेत आणि फोन विकू किंवा रीसेट करू नये. पोलिसांत किंवा न्यायालयात प्रकरण गेले तर मूळ साधन आणि त्याचे प्रमाणपत्र लागते. स्क्रीनशॉट गटांवर टाकू नयेत. गोपनीयतेचे बंधन दोन्ही बाजूंना असते आणि समोरचा वकील त्याचाच पहिला आधार घेतो.

तक्रार खुद्द कुलगुरू, प्राचार्य किंवा संस्थाचालकाविरुद्ध असेल तर आतली समिती उपयोगाची नाही. जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे. विद्यार्थिनी एका महाविद्यालयाची आणि गाईड दुसऱ्या महाविद्यालयाच्या संशोधन केंद्रातला असेल तर दोन्ही ठिकाणांहून ‘आमचे अधिकारक्षेत्र नाही’ असे सांगून परत पाठवले जाते. तक्रारदार महिला जिथे काम करते तिथली समिती दुसऱ्या विभागातल्या कर्मचाऱ्याविरुद्धची तक्रारही ऐकू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. आता तरी ही टोलवाटोलवी थांबावी. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापिकांची स्थिती तर आणखी नाजूक. त्यांची नेमणूक दरवर्षी नव्याने होते आणि जूनमध्ये ‘या वर्षी कार्यभार नाही’ एवढे म्हटले की प्रश्न मिटला. तक्रार सुरू असताना त्यांचे तास कमी केले तर कारण लेखी द्यावे लागेल, असा नियम त्यांच्यासाठी हवा.

समितीच्या रचनेबाबत यूजीसीचे विनियम चांगले आहेत. अध्यक्ष ज्येष्ठ महिला प्राध्यापक, दोन शिक्षक, दोन शिक्षकेतर कर्मचारी, बाहेरच्या सामाजिक संस्थेची एक व्यक्ती, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला. विद्यार्थी गुंतलेले असतील तर पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन अशा तिन्ही स्तरांवरचे निवडून आलेले तीन विद्यार्थी. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांना सदस्य होता येत नाही. महाराष्ट्रात विद्यार्थी निवडणुका १९९४ पासून बंद पडल्या आणि २०१६च्या विद्यापीठ कायद्यानंतरही त्या सुरळीत सुरू झाल्या नाहीत. त्यामुळे विद्यार्थी सदस्य प्राचार्यांच्या पसंतीचे असतात. निदान या तीन जागांसाठी तरी वर्गांतून गुप्त मतदान घेणे काही अवघड नाही.

याला नेहमीचा आक्षेप येतो: तक्रार खोटी निघाली तर? निव्वळ तक्रारीवरून प्राध्यापकाचा विद्यार्थी काढून घेणे ही शिक्षाच नव्हे का? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. द्वेषबुद्धीने केलेल्या खोट्या तक्रारीवर कारवाई करता येते, मात्र पुराव्याअभावी तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी होती असे कायदा मानत नाही. पण गाईड बदलताना त्याच्या पगारावर, पदावर, सेवापुस्तिकेवर कसलाही परिणाम होत नाही. त्याच्या बाकीच्या विद्यार्थ्यांना हात लागत नाही. आदेशात ‘हा दोषारोप नाही’ असे स्पष्ट लिहिता येते. दोघांच्या गैरसोयी शेजारी ठेवून पाहाव्यात: एकाची एक विद्यार्थिनी काही महिने दुसऱ्याकडे जाते, दुसरीला आपण ज्याच्यावर आरोप केला त्याच माणसाच्या हातून गुण घ्यावे लागतात. शिवाय चौकशीत ती सिद्ध करू पाहते ती गोष्ट त्याच्याच सहीने खोडली जाण्याची शक्यता राहते.

आणि मूल्यमापनाचा अधिकार आधीच दुसरीकडे गेला असेल तर चौकशी शांतपणे, पूर्ण वेळ घेऊन करता येते. याचा फायदा आरोप असलेल्या माणसालाही होतो. गोवा विद्यापीठाचे प्रकरण यासाठी प्रत्येक समितीने वाचावे. २००९ मध्ये विद्यार्थिनींनी एका विभागप्रमुखाविरुद्ध तक्रारी केल्या. समितीने त्या वर्षीच्या मे महिन्यात एकामागून एक सुनावण्या घाईघाईने घेतल्या, विभागप्रमुखांनी आजारपणाचे कारण देऊन मागितलेला वेळ नाकारला, एकतर्फी चौकशी पुरी केली. २०१० मध्ये विद्यापीठाने त्यांना बडतर्फ केले. उच्च न्यायालयाने निर्णय कायम ठेवला. १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, बाजू मांडण्याची पुरेशी संधी दिली नाही म्हणून, बडतर्फी रद्द केली आणि चौकशी ५ मे २००९ला जिथे होती तिथून पुन्हा सुरू करायला सांगितले. चौदा वर्षांनी. तक्रार करणाऱ्या विद्यार्थिनी तेव्हा कुठल्या कुठे गेल्या असतील, साक्षीदारांना काय आठवत असेल, याचा विचार करावा. नैसर्गिक न्यायाचे नियम पाळणे हे त्या मुलींच्याच हिताचे होते.

म्हणून समितीने घड्याळ लावून पण पायरी न चुकवता चालावे. तक्रारीची प्रत सात दिवसांत समोरच्याला, त्याचे उत्तर कागदपत्रे व साक्षीदारांच्या यादीसह दहा दिवसांत, चौकशी नव्वद दिवसांत, अहवाल त्यानंतर दहा दिवसांत. सुनावणीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हजर. वकील कोणालाच नाही. एकतर्फी निर्णय घ्यायचा तर सबळ कारणाशिवाय सलग तीन गैरहजेऱ्या आणि त्याआधी पंधरा दिवसांची लेखी सूचना. दोघांना समोरासमोर बसवण्याची गरज नाही: प्रश्न लेखी घ्यावेत, समितीने विचारावेत, उत्तरे लिहून त्याच दिवशी प्रत्येक पानावर सही घ्यावी. बहुतेक अहवाल न्यायालयात पडतात ते या सह्यांअभावी आणि समोरच्याला जबाबांच्या प्रती न दिल्यामुळे.

अहवाल आल्यावर आणखी एक खेळ होतो. संस्था म्हणते, आता आम्ही वेगळी विभागीय चौकशी करू. पुण्याच्या मेधा कोतवाल-लेले यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगितले आहे की तक्रार समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या चौकशीचा अहवाल मानायचा. मुलीला तीच हकिकत दुसऱ्यांदा सांगायला लावण्याचा कोणालाही अधिकार नाही. विनियमांप्रमाणे अपील नसेल तर तीस दिवसांत शिफारशींवर कारवाई व्हावी, आणि त्या नाकारायच्या असतील तर लेखी कारणे समितीला व दोन्ही बाजूंना द्यावी लागतात.

दरवर्षी प्रत्येक संस्थेला किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, किती नव्वद दिवसांहून जास्त रखडल्या याचा अहवाल द्यावा लागतो. त्यात दोन रकाने वाढवावेत: किती प्रकरणांत अंतरिम दिलासा दिला, आणि तक्रार मिळाल्यापासून किती दिवसांत. नावांशिवाय हे आकडे संकेतस्थळावर टाकावेत. महाविद्यालयांचा आणि विद्यापीठांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनाला जाणाऱ्या समितीने फलकाचा आणि व्याख्यानाचा फोटो न मागता या दुसऱ्या रकान्यातला आकडा मागावा.